भांडं माझं, चमचा तुझा

बेल प्रेअरी, मिनेसोटा
२२ जून

प्रिय आर्डिथ,

तुझं पत्र सोमवारी हाती पडलं. गुडघ्याची सूज उतरली आणि आता घरातल्या घरात काठीशिवाय फिरतेस, हे वाचून बरं वाटलं. अ‍ॅरिझोनाच्या उन्हाने तुझी हाडं सुधारत असतील तर त्या उन्हाला मी यापुढे नावं ठेवणार नाही. इकडे सगळं ठीक आहे. मका गुडघ्याला लागायला आलाय, डास नेहमीपेक्षा मोठे आहेत आणि पाद्रीसाहेबांचं प्रवचन नेहमीइतकंच लांब आहे. तू दर पत्रात विचारतेस म्हणून सांगते, मी जेवते नीट.

एप्रिलमध्ये तुला येता आलं नाही, त्याबद्दल पुन्हा पुन्हा लिहू नकोस. डॉक्टरांनी प्रवास करू दिला नाही, त्याला तू काय करणार? मी त्यावर कधी काही बोलले नाही आणि आताही बोलत नाही. तुझ्या भावाला निरोप द्यायला चर्च भरलं होतं, माणसं दारात उभी होती. नंतरच्या जेवणात हॅमचे पाव कमी पडले, तेवढं सोडलं तर सगळं नीट पार पडलं. ऑरिन असता तर म्हणाला असता, पाव कमी पडावेत एवढी माणसं आली म्हणजे मी बराच बरा माणूस असणार.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते सांगते. मागच्या आठवड्यात जनेलचा फोन आला. तुझ्या भाच्याची, कर्टची बायको म्हणून मी तिचं कौतुकच करत आले आहे, हे तू जाणतेस. कुटुंबाचा मेळावा जुलैच्या शेवटच्या रविवारी, तळ्याकाठच्या त्याच मांडवात. यंदापासून सगळी व्यवस्था तिच्याकडे. कोणी काय करून आणायचं, ते म्हणे फोनवरच्या ग्रुपमध्ये ठरलं. मी त्या ग्रुपमध्ये नाही, कारण माझा फोन अजून भिंतीला लटकतो. मी विचारलं, "आणि मी?"

"काकू, तुम्ही काही म्हणजे काही आणायचं नाही. तुम्ही फक्त या."

आर्डिथ, तुला याचा अर्थ सांगायला नको. 'फक्त या' असं आपण कुणाला म्हणतो? नव्याने आलेल्या पाद्र्याला म्हणतो. कुणाच्या तरी मुलाने शहरातून आणलेल्या मैत्रिणीला म्हणतो. आपल्या माणसाला कुणी असं म्हटल्याचं मला आठवत नाही. तुझी आई शेवटच्या वर्षी चाकांच्या खुर्चीत होती, तेव्हाही तिच्या मांडीवर लोणच्याची बरणी होती.

लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात तिने ते मोठं पिवळं भांडं माझ्यासमोर ठेवलं. "हे आता तुझं," एवढंच बोलली, आणि त्यानंतर तिने कधीही मॅकरोनी सॅलड केलं नाही. कुणाच्या लग्नात नाही की बारशात नाही. चर्चमध्ये लग्न लागलं होतं ते फेब्रुवारीत, पण स्टेन्सरुडांच्या घरातली मी त्या दिवशी झाले. आता तेच सॅलड नको म्हणतात.

मला मूलबाळ नाही. तुम्हा सगळ्यांशी मला बांधणारा एक ऑरिन होता. तो गेला, मग मी तुमची कोण? रडगाणं म्हणून विचारत नाही. मला खरंच कळून घ्यायचंय.

म्हणून मी ठरवलंय, सॅलड करायचं. कुणी सांगितलं नाही तरी करायचं आणि टेबलावर आपल्या जागी नेऊन ठेवायचं. मग बघू कोण काय बोलतं. ऑरिनशिवाय मला ते जमेल का, असं मनातसुद्धा आणू नकोस. तुझ्या भावाचा त्या सॅलडशी काडीचा संबंध नव्हता. जन्मात त्याने एक कांदा चिरला नाही, आणि मेळाव्यात माझ्या शेजारी बसून डोरिसचं बटाट्याचं सॅलड दोनदा घ्यायचा.

फक्त मोठा लाकडी चमचा सापडत नाही. तो गेल्या वर्षी तळ्यावरच राहिला. परत येताना मी ऑरिनला सगळा रस्ता बोलत होते, आणि तो मात्र गाडी चालवत एवढंच म्हणत होता, "भांडं माझं, चमचा तुझा. मी भांडं आणलंय." असं त्याचं बोलणं. दुसरा चमचा घेईन कुठूनतरी.

गुडघ्याला जप.

तुझ्या भावाची बायको,
लव्हॉन


बेल प्रेअरी
२९ जुलै

प्रिय आर्डिथ,

मेळावा कसा झाला, हे कळवायचं कबूल केलं होतं, म्हणून कळवते. हवा छान होती, म्हणजे फारच तापली होती. तळ्याचं पाणी हिरवं झालंय, पोरं तरीही उतरली. कर्टचं पोट सुटलंय. डोरिसच्या वेंडेलला आता अजिबात ऐकू येत नाही, पण तो कबूल करत नाही, त्यामुळे सगळ्यांना 'हो हो' म्हणतो.

सॅलडबद्दल तू विचारशील, तर आदल्या दिवशी सगळं केलं. मॅकरोनी जरा जास्तच शिजवायची, कारण गार झाल्यावर ती पुन्हा आखडते. ती कोमट असतानाच वर व्हिनेगर शिंपडायचं. कांदा गार पाण्यात ठेवून त्याचा उग्रपणा घालवायचा. सेलरी, उकडलेली अंडी, मटार, गोड लोणच्याच्या काकड्या. मग मेयोनेज, मोहरीचं वाटण, थोडी साखर आणि वाटीभर साय. खरी गोष्ट तर याच्या पुढे आहे, आणि ती तुझ्या आईने मला सोडून कुणाला सांगितली नाही. मॅकरोनी रात्रभरात सगळं पिऊन टाकते. सकाळी बघावं तर कोरडी ठणठणीत. म्हणून मेयोनेजचं कालवण बरणीभर बाजूला ठेवायचं आणि निघण्याआधी घालून पुन्हा ढवळायचं. हल्लीच्या मुलींना हे माहीत नसतं, म्हणून त्यांचं सॅलड चमच्याला ढेकळासारखं येतं.

मला ते कमी करता येत नाही, आर्डिथ. मी प्रयत्न केला. भांडं निम्मं भरलं तर किती मीठ, किती साखर, माझ्या हाताला कळेना. त्या हाताला पूर्ण भांड्याचीच सवय आहे. शेवटी काठोकाठ केलं, वर लाल मिरचीची पूड भुरभुरवली, आणि खरं सांगते, ते सुंदर दिसत होतं.

तू म्हणशील, एवढं जड भांडं एकटीने गाडीत कसं चढवलं? युक्ती केली. सॅलड फ्रीजमध्ये लहान-लहान डब्यांतच ठेवलं होतं. सकाळी रिकामं भांडं आधी गाडीच्या मागच्या बाजूला बर्फाच्या पेटीत ठेवलं, आणि मग डबे एकेक करून नेत त्यात ओतले. तिथेच उभी राहून ढवळलं, तिथेच ती मिरची भुरभुरवली. स्वतःवर इतकी खूश झाले की अंगणात एकटीच हसले. शेजाऱ्यांचा कुत्रा बघत राहिला.

तळ्यावर सगळे माझ्याशी फार चांगले वागले. अगदी फार. गाडीतून उतरते न उतरते तोच जनेलने माझा हात धरला आणि सावलीतल्या खुर्चीवर नेऊन बसवलं. "काकू, तुम्ही बसा, मी आणते." कुणी थंड चहा आणला, कुणी ताट भरून आणलं. मी उठायला गेले की कुणीतरी म्हणे, "अहो बसा ना, काय हवं?" डोरिसने पायांखाली स्टूल दिलं. माझे पाय लोंबकळत नव्हते. इतकी वर्षं त्या टेबलाच्या मागच्या बाजूला उभी राहून मी लोकांना वाढलं, आणि यंदा टेबल मी लांबूनच पाहिलं. मधोमध, हॅमच्या शेजारी, एक जागा मोकळी होती आणि तिथे नुसताच एक चमचा पडलेला होता. कुणाचा पदार्थ संपला असेल किंवा कुणीतरी उशिरा येणार असेल, असं मला वाटलं. वेंडेलने एकदा माझ्याकडे बघून काहीतरी विचारायला तोंड उघडलं, तेवढ्यात डोरिसने त्याला कोपर मारलं. मग तो 'हो हो' म्हणाला.

सॅलड संपलं.

ऑरिनच्या नावाने कर्टने प्रार्थनेत दोन शब्द म्हटले. बरे होते. मी लवकर निघाले, कारण ऊन लागलं होतं. तुझी आठवण सगळ्यांनी काढली. तुझा फोटो काढून पाठवायला सांगितलाय, पण तू डोक्याला ते रुमालाचं काहीतरी बांधतेस तसा नको.

बाकी विशेष काही नाही.

लव्हॉन स्टेन्सरुड


बेल प्रेअरी
१९ ऑगस्ट

प्रिय आर्डिथ,

तुझं छोटंसं पत्र मिळालं. गुडघ्याबद्दल एक अक्षर नाही, हवेबद्दल नाही, नुसता प्रश्न: "कर्ट फोनवर म्हणाला की तुझं सॅलड यंदा टेबलावर नव्हतंच, आणि तू लिहितेस संपलं. लव्हॉन, खरं काय?" स्टेन्सरुडांत एवढं सरळ विचारणारी तू एकटीच. म्हणूनच बहुधा तुला अ‍ॅरिझोनात पाठवलं.

मी खोटं लिहिलं नव्हतं. संपलं. तळ्यावरून आल्यावर मी गाडी गॅरेजमध्ये घेतली, दार ओढून घेतलं आणि पातेल्याने काढून काढून ते कचऱ्याच्या पिशव्यांत भरलं. बर्फ केव्हाच वितळला होता. अंडी आणि साय, दिवसभर त्या उन्हात. वास अजून गाडीतून गेलेला नाही. चर्चला जाताना खिडक्या उघड्या ठेवते आणि लोकांना सांगते, मला वारा आवडतो.

तुझं पत्र आलं त्याच्या आदल्या दिवशी जनेल आली होती. तिच्या हातात माझा लाकडी चमचा होता. दांड्याला चिकटपट्टी, त्यावर माझ्याच अक्षरात माझं नाव. मी कॉफी ठेवली.

"गेल्या वर्षीपासून आमच्या बर्फाच्या पेटीत होता," ती म्हणाली. "मेळाव्याला आणला होता. तुमच्या जागेवर ठेवला होता."

"माझ्या जागेवर?"

"हॅमच्या शेजारी. केलं असेल तर चमचा लागेलच. आणि नसेल केलं तर चमच्याकडे कोण बघतंय, असं वाटलं मला."

"तू तर म्हणाली होतीस, काही आणू नका."

"मग काय म्हणणार होते, काकू? काकांना जाऊन दोन महिने झाले नव्हते. आणि मी फोन करून सांगू, की सगळ्या खानदानाचं सॅलड करा म्हणून? पण दुसऱ्या कुणालाही मी मॅकरोनी करू दिली नाही हां. डार्सीने विचारलं होतं. मी म्हटलं, बाई गं, त्यापेक्षा तू टरबूज आण."

मी कॉफी ढवळत राहिले. मी कॉफीत साखर घालत नाही, तरी ढवळत राहिले.

"वेंडेलकाका तर विचारणारच होते," ती म्हणाली. "डोरिसकाकूंनी गप्प केलं. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून कुणी विषयच काढला नाही."

"सॅलड गाडीत होतं," मी म्हटलं.

"कुठल्या गाडीत?"

"माझ्या. पेटीत."

"दिवसभर?" तिने कप खाली ठेवला. "मग काढलं का नाही तुम्ही?"

आणि मी म्हटलं, "तू आणू नका म्हणाली होतीस ना."

पोरगी कानापर्यंत लाल झाली. "माझं चुकलं, काकू," म्हणाली, आणि कॉफी तशीच टाकून उठली. खिडकीतून मला दिसत होतं, ती गाडीत बसली तरी बराच वेळ गाडी सुरू झाली नाही. मी बाहेर गेले नाही. तिचं काही चुकलं नव्हतं, हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

तू खरं विचारलंस, तर आता ऐक.

तळ्यावर पोचले तेव्हा मी गाडी मांडवाच्या अगदी जवळ लावली. उतरून मागचं दार उघडलं. पेटीचं झाकण काढलं, भांड्याच्या कडा धरल्या आणि उचललं. ते हललंसुद्धा नाही. पुन्हा जोर लावला, तर कंबरेत कळ आली. घरी डब्या-डब्याने भरलं होतं, तेव्हा मोठी हुशारी वाटली होती. तळ्यावर ते उतरवायचं कसं, हा विचार माझ्या डोक्यातच आला नव्हता. का आला नाही ते सांगते. कारण ते उतरवायचं काम माझं नव्हतंच कधी. मी दार उघडायची, पर्स काखेत मारायची, चमचा घ्यायची आणि टेबलाकडे चालू लागायची. मागे वळून न बघता म्हणायची, "ऑरिन, भांडं घे." आणि भांडं माझ्यामागे यायचं.

मी तुला लिहिलं होतं, त्याचा त्या सॅलडशी काडीचा संबंध नव्हता. लिहिताना मला ते खरंच वाटत होतं.

दहा पावलांवर तुझी सगळी माणसं उभी होती. कर्ट, त्याची दांडगी पोरं, शेगडीपाशी गप्पा मारणारे जावई. एक हाक मारली असती तर चारजण धावले असते. मी तोंड उघडलं, आर्डिथ. आणि जिभेवर जे नाव आलं ते त्याचं होतं. पूर्ण आलं होतं, बाहेर पडायचं तेवढं बाकी होतं. ते बाहेर पडलं असतं तर सगळ्यांच्या माना वळल्या असत्या, हातातल्या प्लेटा तशाच राहिल्या असत्या, आणि मग सगळे माझ्याकडे येऊन माझ्या पाठीवरून हात फिरवू लागले असते. मी तोंड मिटलं. दार लावलं. तेवढ्यात जनेल आली आणि माझा हात धरून मला खुर्चीकडे घेऊन गेली, आणि मी तिच्याबरोबर हात हलवत गेले. तुझ्या घराण्यात आल्यापासून पहिल्यांदा.

खुर्चीवर बसून मी मनातल्या मनात सगळ्यांवर चिडत होते. यांनी मला पाहुणी केली, यांनी मला बाहेर काढलं. चिडणं सोपं होतं. दुसरं जे होतं ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. ते असं आहे, की या घरात आता माझ्या हाकेला ओ देणारं कुणी नाही. दिवसभर मला कुणाला हाकच मारावी लागत नाही. गरज पडत नाही म्हणून लक्षात येत नाही. बरणीचं झाकण उघडलं नाही तर मी ते लोणचं खात नाही, एवढंच. वरच्या फळीवरचं काही मी आता वापरत नाही. असं करत करत घर कमी कमी होत चाललंय, आणि मी तुला लिहिते की इकडे सगळं ठीक आहे.

मला एकटं वाटतं, आर्डिथ. फार वाटतं. एवढं लिहायला मला तीन पत्रं लागली.

सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी, कामगार दिनाला, कर्टच्या अंगणात सगळे जमणार आहेत. काल मी जनेलला फोन केला. म्हटलं, "तुझं काही चुकलं नव्हतं. माझ्याच्याने ते उचललं गेलं नाही." मग ती म्हणाली, "या वेळी काय आणताय?" 'फक्त या' म्हणाली नाही. मी म्हटलं, मॅकरोनी. ती म्हणाली, "बरं. बरणीत बाजूला ठेवता ते कालवण कसं करतात, ते मला कधी दाखवाल का?" म्हणजे तिला त्या बरणीचं ठाऊक आहे. तुझ्या आईने नक्की फक्त मलाच सांगितलं होतं ना?

दाखवीन. पण भांडं इतक्यात देणार नाही, हे तिच्या कानावर घालायला हरकत नाही.

चमचा घासून ठेवलाय. आता राहिलं भांडं. कर्टच्या दारात गाडी थांबवायची, उतरायचं आणि म्हणायचं, "कर्ट, जरा ये रे, भांडं जड आहे." किती सोपं वाक्य आहे. काल भांडी विसळताना मी ते मोठ्याने म्हणून बघितलं. मला तरी 'कर्ट'च ऐकू आलं. पण घरात मी एकटी होते, आणि या बाबतीत माझ्या कानांवर माझा भरवसा नाही.

म्हणून येत्या रविवारी, चर्चहून आल्यावर, तुला फोन करीन. गुडघ्याची चौकशी नंतर. फोन उचललास की मी आधी ते वाक्य म्हणेन, दारात उभी असल्यासारखं, मागे वळून न बघता. तू मध्ये बोलू नकोस, रडू नकोस. मी कुणाचं नाव घेतलं, तेवढं फक्त मला सांग.

तुझी वहिनी,
लव्हॉन